रत्नागिरीतील दोन वास्तू आणि मंडाले : वास्तूच्या साक्षीमूल्याविषयी एक टिपण

१

रत्नागिरी शहरातील प्रेक्षणीय स्थळांच्या कोणत्याही यादीत दोन घरांचा उल्लेख हमखास असतो. पहिले घर जुन्या वस्तीतील टिळक आळीतले, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान होय. दुसरे वस्तीबाहेरच्या टेकडीवरचे, काजळी नदीच्या भाट्ये खाडीच्या वर उभे असलेले. त्याला ‘थिबा राजवाडा’ असे म्हणतात. दोन्ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पहिल्या घरात एका नेत्याचा जन्म झाला आणि दुसऱ्यात ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा अंत झाला. सामान्यतः त्यांचे वर्णन एवढ्यावरच संपते.

वास्तू हे इतिहासाचे साधन आहे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि कागदाची जशी अंतर्गत व बहिर्गत परीक्षा करावी लागते, तशी वास्तूची सहसा केली जात नाही. ती डोळ्यांसमोर उभी असते, आणि या प्रत्यक्षपणामुळेच तिच्या साक्षीवर नको इतका विश्वास ठेवला जातो. ज्या घराच्या भिंती टिकल्या त्याच घरात सर्व काही घडले, असा समज होतो. जे घर पडले, त्यातील काळही स्मृतीतून पडतो. रत्नागिरीतील या दोन घरांना एकमेकांसमोर ठेवले, आणि दोहोंसमोर मंडालेचे चित्र ठेवले, तर हा दोष कोठे उद्भवतो आणि तो कसा दूर करता येतो हे पाहता येते. प्रस्तुत टिपणाचा हेतू एवढाच आहे.

२

पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आले. नव्या जिल्ह्याचे ठाणे प्रथम बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलविण्यात आले. कचेरी, न्यायालय, तुरुंग, सरकारी शाळा आणि अधिकाऱ्यांचे बंगले अशी या शहराची वसाहतकालीन वाढ त्या वर्षापासूनची आहे. जुने गाव आळ्या-आळ्यांनी वसलेले, चिऱ्यांच्या गडग्यांत आणि नारळी-पोफळींत दडलेले; गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती मात्र मोकळ्या, उंच जागी. ही विभागणी लक्षात ठेवणे अवश्य आहे, कारण येथे विचारात घेतलेली दोन घरे या दोन निरनिराळ्या रत्नागिरींतील आहेत.

टिळक आळीतील घर पहिल्या रत्नागिरीचे. ते उतरत्या कौलारू छपराचे, कोकणातील मध्यम स्थितीच्या कुटुंबास शोभेल असे आहे. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म या घरात झाला. ते टिळकांच्या मालकीचे नव्हते. टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षकाच्या नोकरीनिमित्त रत्नागिरीस होते आणि सदोबा गोरे यांच्या या घरात भाड्याने राहत होते. १८६६ मध्ये शिक्षण खात्यातील बदलीमुळे कुटुंब पुण्यास गेले. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातील पहिली दहा वर्षे तेवढी टिळकांची रत्नागिरीशी नित्य संबंधाची होती.

या घराकडून इतिहासाला काय मिळते? टिळकांच्या राजकारणाविषयी काहीच नाही, असे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. परंतु एका वर्गाविषयी बरेच मिळते. वतनाच्या गावाहून जिल्ह्याच्या ठाण्यास, ठाण्याहून पुण्यास, आणि हे सर्व सरकारी शाळेतील मास्तरकीच्या वाटेने, असा जो प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोकणातील शेकडो कुटुंबांनी केला, त्यातील मधल्या मुक्कामाचे हे घर आहे. ते भाड्याचे होते ही गोष्ट अभिमानाला उणेपणा आणणारी वाटत असल्यास नकळे. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीच त्याची सर्वांत मोलाची साक्ष आहे.

३

दुसऱ्या घराची कथा रत्नागिरीपासून फार दूर सुरू होते. १८२४–२६ आणि १८५२ या दोन युद्धांत ब्रह्मदेशाचा किनारपट्टीचा आणि दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांनी घेतला. उत्तरेकडे उरलेल्या राज्याची राजधानी मिंडाँ राजाने १८५७ मध्ये मंडाले येथे वसविली. १८७८ मध्ये त्याचा मुलगा थिबा गादीवर आला. १८७९ मध्ये राजघराण्यातील संभाव्य दावेदारांची जी कत्तल झाली तिचा डाग त्याच्या कारकिर्दीवर आहे, आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचा भरपूर उपयोग केला. तथापि युद्धाचे निमित्त वेगळेच होते, आणि ते मुंबईशी निगडित होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी वरच्या ब्रह्मदेशातील जंगलांत सागवान तोडीत असे. ठरल्यापेक्षा अधिक ओंडके नेऊन महसूल बुडविल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या मंत्रिमंडळाने १८८५ मध्ये या कंपनीस २३ लाख रुपये दंड केला. त्याच सुमारास थिबाचे फ्रेंचांशी संधान चालले होते. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठविला, नोव्हेंबरच्या मध्यास जनरल प्रेंडरगास्टचे सैन्य इरावतीतून निघाले, आणि २९ नोव्हेंबर रोजी राजाराणी आगबोटीवर चढली. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. उणापुरा दीड महिना एवढाच काय तो या युद्धाचा काळ.

राजास प्रथम मद्रासला नेण्यात आले आणि एप्रिल १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीस आणण्यात आले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि लहान मुली बरोबर होत्या. तिसरी राजकन्या मद्रासच्या मुक्कामात जन्मलेली, आणि चौथी पुढे १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली.

रत्नागिरीच का, हा प्रश्न येथे येतो. त्याचे उत्तर एकट्या थिबाच्या प्रकरणात शोधण्याऐवजी पदच्युत सत्ताधीशांविषयीच्या एकंदर इंग्रजी धोरणात शोधावे लागते. दुसऱ्या बाजीरावास १८१८ नंतर पुण्यापासून दूर गंगाकाठी ब्रह्मावर्त येथे ठेवले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये काशीस नेले. दिल्लीच्या बहादुरशाहास १८५८ मध्ये रंगूनला धाडले. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये मद्रासला पाठविले. साम्राज्याच्या इतर भागांतही हाच प्रकार दिसतो : इजिप्तमधील अरबी पाशा १८८२ नंतर सिलोनमध्ये, आणि पश्चिम आफ्रिकेतील असांतीचा राजा प्रेंपे १९०० मध्ये सेशेल्स बेटांवर. या सर्वांतील सूत्र एकच आहे. ज्या प्रदेशात पदच्युत राजाची भाषा बोलली जात नाही, त्याच्या घराण्याची स्मृती नाही, आणि जेथून त्याच्या प्रजेशी दळणवळण कठीण, असा प्रदेश त्याच्यासाठी निवडावयाचा. भिंतींचे काम भाषेकडून आणि अंतराकडून करून घ्यावयाचे.

या कसोटीवर त्या काळची रत्नागिरी तंतोतंत उतरते. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, रेल्वे नाही (ती यावयास विसावे शतक संपत आले, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ मध्ये), आणि पावसाळ्याचे महिने आगबोटींची वाहतूकही बंद. जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे कलेक्टर, पोलीस आणि तुरुंग मात्र हाताशी. थिबाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९२४ मध्ये, वि. दा. सावरकरांना सोडताना ज्या जिल्ह्याबाहेर न जाण्याची अट घालण्यात आली तो जिल्हाही रत्नागिरीच होता. त्या बाबतीत कैदी मराठीभाषक मुलखाला परका नव्हता, आणि १९३७ पर्यंतच्या त्यांच्या वास्तव्याचे जे सामाजिक परिणाम झाले ते या फरकातूनच निर्माण झाले. स्थळ एकच असले तरी भाषेची भिंत नसल्यास स्थानबद्धतेचे स्वरूप कसे पालटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४

आता मुख्य मुद्दा. थिबा रत्नागिरीत एप्रिल १८८६ पासून डिसेंबर १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. म्हणजे तीस वर्षे आठ महिने. आज ज्यास त्याचा राजवाडा म्हणतात त्या वास्तूत राजकुटुंब राहावयास गेले नोव्हेंबर १९१० मध्ये. याचा अर्थ एकंदर वास्तव्यापैकी जेमतेम एक पंचमांश काळ त्या घरात गेला. आधीची चोवीस वर्षांहून अधिक वर्षे सरकारने घेतलेल्या जुन्या बंगल्यांत गेली. राजाचे तारुण्य, मुलींचे बालपण, दागिने आणि माणके विकून खर्च भागविण्याचे प्रसंग, सावकारांची देणी, मंडालेहून निघताना कर्नल स्लेडन याच्या हाती गेलेल्या प्रसिद्ध माणकाबद्दलच्या तक्रारी, नेमणूक वाढवून मिळावी म्हणून केलेले अर्ज, या सर्वांचा आरंभ आणि पुष्कळसा विस्तार त्या बंगल्यांतच झाला.

लोकस्मृतीत मात्र हे सर्व टेकडीवरच्या राजवाड्यात घडले आहे. राजा दुर्बीण लावून खाडीकडे व समुद्राकडे पाहत बसे, ही गोष्ट राजवाड्याच्या सज्जात उभे राहून सांगितली जाते. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या इंग्रजी कादंबरीत हे चित्र येते, परंतु तेथे ते आउट्रम हाउस या आधीच्या निवासात घातलेले आहे. कादंबरीकाराने स्थळाचा जो विवेक राखला तो वाटाड्यांनी राखला नाही, असे म्हणावे लागते. जुने बंगले डोळ्यांसमोर नाहीत. म्हणून त्यांतील चोवीस वर्षे उभ्या असलेल्या घराच्या खात्यावर जमा झाली. टिकलेली वास्तू न टिकलेल्या वास्तूंची स्मृती कशी गिळते, याचे हे उदाहरण होय.

नव्या घरासाठी सव्वा लाख रुपयांहून अधिक खर्च आला. जुन्या निवासाच्या गैरसोयीबद्दल राजाच्या तक्रारी होत्या, आणि नव्या घराच्या बांधणीत त्याच्या पसंतीला वाव मिळाला. एवढ्यावरून सरकारच्या औदार्याचे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु कालक्रम पाहिला तर वेगळे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. पदच्युत राजास भाड्याच्या किंवा घेतलेल्या बंगल्यात ठेवले जाते, तोवर त्याचे वास्तव्य निदान नावापुरते तात्पुरते असते. त्याच्यासाठी चिऱ्यांचे आणि विटांचे घर बांधले जाते, तेव्हा तो परत जाणार नाही हा निर्णयच जणू बांधला जातो. राजाची मागणी आणि सरकारचा निर्णय अशा दोन्ही गोष्टी या घराच्या पायात आहेत. त्यांपैकी एकीकडेच पाहिल्यास राजवाडा हा बहुमान ठरतो, दुसरीकडेच पाहिल्यास बंदिवास. कागदपत्रांतून एकाच वेळी दोन्ही प्रत्ययास येतात, आणि तेच खरे.

५

वास्तूचे रूपही याच दिशेने बोलते. घर तीन मजली आहे. भिंतींचा रंग तांबूस, छप्पर उतरते, खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी आणि त्यांत रंगीत काचा, संगमरवरी फरशीचे दालन, आणि सर्वत्र कोरीव लाकूडकाम. हे लाकूड ब्रह्मदेशाचे सागवान असल्याचे सांगितले जाते. तसे असेल, तर ज्या लाकडाच्या व्यापारावरून राज्य गेले त्याच लाकडाखाली राजाने अखेरची वर्षे काढली असे होईल.

परंतु ही वास्तू ब्रह्मी राजवाड्याशी ताडून पाहिली की तिचे खरे स्वरूप उघड होते. मंडालेचा राजवाडा चौरस तटबंदीच्या आणि खंदकाच्या मध्यभागी, उंच जोत्यावर बांधलेला, लाकडाचा आणि एकमजली होता. राजाच्या मस्तकावर कोणाचे पाऊल येऊ नये या संकेतामुळे राजमंदिरावर दुसरा मजला चढविण्याची रीत नव्हती. उंची दाखविली जाई ती छपरांनी. सिंहासनावर सात टप्प्यांचे शिखर असे, आणि कोणी किती टप्प्यांचे छप्पर घालावे हे दर्जावरून ठरलेले असे. रत्नागिरीच्या घरात शिखर नाही आणि सिंहासनाची जागा नाही. मात्र एकावर एक मजले आहेत. म्हणजे ज्या खुणांनी ब्रह्मी माणसाने राजाचे घर ओळखावे त्या सर्व खुणा येथे अनुपस्थित आहेत, आणि ज्या खुणांनी इंग्रज अधिकाऱ्याने बड्या माणसाचा बंगला ओळखावा त्या सर्व उपस्थित आहेत. ‘राजवाडा’ हा शब्द या घराला रत्नागिरीकरांनी दिलेला मान आहे. वास्तुशास्त्राने दिलेला नव्हे. घराच्या मागील भागात असलेली बुद्धमूर्ती हीच काय ती मूळ देशाची खूण.

मंडालेच्या राजवाड्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी त्या तटबंदीस ‘फोर्ट डफरिन’ असे नाव देऊन तेथे छावणी केली, आणि दरबाराच्या दालनांत अधिकाऱ्यांचा क्लब थाटला. तो हलविण्याचा हुकूम लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये दिला. मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात तो राजवाडा जळून गेला; आज तेथे दिसणाऱ्या इमारती विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने उभारलेल्या आहेत. मिंडाँ ज्या दालनात वारला ते थिबाने अशुभ मानून तटाबाहेर हलविले व विहारास दिले, म्हणून तेवढे वाचले. थिबा ज्या घरात राहिला असे जुने, अस्सल आणि अखंड घर पाहावयाचे असेल, तर ब्रह्मदेशच्या अभ्यासकासही आता रत्नागिरीसच यावे लागते.

६

या दोन नगरांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी त्यांना मंडालेस नेण्यात आले. तेथील तुरुंग त्याच फोर्ट डफरिनमध्ये, म्हणजे थिबाच्या राजधानीच्या तटबंदीच्या आत होता. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. अशा रीतीने सुमारे सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत अशी स्थिती होती. १९१०–११ च्या हिवाळ्यात टिळक लाकडी गजांच्या कोठडीत ‘गीतारहस्या’चे लेखन करीत होते, त्याच हिवाळ्याच्या प्रारंभी थिबाचे कुटुंब नव्या घरात राहावयास गेले.

या योगायोगाचे वर्णन पुष्कळदा काव्यमय रीतीने केले जाते. त्यात काव्य आहे हे खरे; परंतु अभ्यासकाने त्यात धोरण पाहावे. सूत्र तेच : कोकणातील माणूस इरावतीकाठी आणि इरावतीकाठचा माणूस कोकणात. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखाली होता म्हणून ही अदलाबदल एकाच राज्ययंत्रणेच्या आत, कोणत्याही परक्या सरकारची परवानगी न घेता, करता आली.

परंतु दोन कैद्यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो घरांच्या सुखसोयींच्या तुलनेत झाकला जातो. टिळकांवर खटला झाला; आरोप, पंच, निकाल आणि शिक्षेची मुदत होती. म्हणून त्यांच्या कोठडीला शेवट होता. तो ठरलेल्या सुमारास आला आणि ते घरी परतले. थिबावर खटला झालाच नाही. त्याच्यावर कायदेशीर आरोप नव्हता म्हणून शिक्षा नव्हती. शिक्षा नव्हती म्हणून मुदतही नव्हती. कोठडीतला मनुष्य सुटला आणि राजवाड्यातला सुटला नाही. दोन वास्तूंतील सुखसोयींवरून पारतंत्र्याची मात्रा मोजणे किती फसवे आहे, हे यावरून दिसून येईल.

७

धाकटी राणी १९१२ मध्ये वारली. डिसेंबर १९१६ मध्ये, अठ्ठावन्नावे वर्ष पुरे होण्याच्या आधी, राजाही वारला. त्याचा देह ब्रह्मदेशास नेण्याची परवानगी मिळाली नाही; १९१९ मध्ये दोघांचे अवशेष रत्नागिरीतच समाधिस्थ करण्यात आले. त्याच वर्षी सुपयालत व राजकन्या यांना रंगूनला जाऊ देण्यात आले, मंडालेस नव्हे. रंगूनमध्ये ती १९२५ मध्ये निधन पावली. बहादुरशाहाची कबर रंगूनमध्ये आणि थिबाची समाधी रत्नागिरीत, ही दुसरी अदलाबदल मात्र अजून तशीच आहे. १८६२ मध्ये बहादुरशाहाची कबर मुद्दाम ओळखू न येईल अशी केली होती. ती निश्चितपणे सापडली १९९१ मध्ये. थिबाची समाधी तशी लपविलेली नव्हती. परंतु तिच्याकडे दीर्घकाळ कोणी फारसे फिरकले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले, तेव्हा तिला पुन्हा राजकीय अर्थ प्राप्त झाला.

राजवाडा सरकारजमा झाला. पुढे काही काळ त्यात शासकीय तंत्रनिकेतन होते. नंतर तेथे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आले. तथापि या घराण्याची रत्नागिरीतील खरी वाटचाल या भिंतींच्या बाहेर झाली. थोरल्या राजकन्येचा संबंध निवासावरील नोकर गोपाळ सावंत यांच्याशी जडला होता. त्यांना तुतू नावाची मुलगी झाली होती. १९१९ मध्ये ब्रह्मदेशास गेलेली ही राजकन्या पुढे रत्नागिरीस परत आली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. ज्या देशासाठी बापाने आयुष्यभर अर्ज केले तो देश पाहून ती परतली, ही घटना साधी नाही. तुतू रत्नागिरीकर म्हणून, मराठी बोलत, साध्या संसारात जगली. सुधा शहा यांच्या ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) या ग्रंथामुळे हा वृत्तांत अभ्यासकांस साधार उपलब्ध झाला आहे.

इंग्रजांनी रत्नागिरी निवडली ती तेथील भाषा राजास परकी म्हणून. एका पिढीनंतर राजाची नात तीच भाषा घरची म्हणून बोलत होती. भाषेच्या भिंतीवर उभारलेली ही योजना अखेरीस तेथेच ढासळली. मात्र त्याची किंमत थोरल्या राजकन्येने आणि तिच्या मुलीने दारिद्र्याच्या रूपाने भरली. या घटनेची खूण राजवाड्यात नाही, टिळक आळीतील घरासारख्या एखाद्या कौलारू घरात ती असू शकली असती. पण अशा घरांचे संरक्षण कोणी करीत नाही.

म्हणून रत्नागिरीतील या दोन वास्तूंचे वाचन करताना काही निष्कर्ष हाती धरावेत. टिळकांचे जन्मघर थोर पुरुषाच्या घडणीपेक्षा एका स्थलांतरित नोकरदार वर्गाची साक्ष अधिक देते. थिबा राजवाडा राजवैभवाची साक्ष देत नाही; मुदत नसलेल्या स्थानबद्धतेचा तो शेवटचा आणि सर्वांत देखणा टप्पा आहे, आणि त्याआधीची चोवीस वर्षे त्याच्या खात्यातून वजा केली पाहिजेत. शेवटी, उभ्या असलेल्या घराला प्रश्न विचारताना नाहीशा झालेल्या घरांची यादी जवळ बाळगावी. राजाचे जुने बंगले आणि राजकन्येचे शेवटचे बिऱ्हाड यांच्या जागा शहराच्या नकाशावर निश्चित करण्याचे काम अभ्यासकांनी हाती घेतले, तर राजवाड्याची साक्षही आजच्यापेक्षा अधिक विश्वसनीय होईल.